आक्काची सुरी

चैत्र लागला की परभणीत वसमत रोडच्या कडेला टरबुजांचे ढीग पडतात. खाली गवत, वर ताडपत्री, बाजूला उभा टेम्पो. विकणारा सुरी टरबुजात खुपसतो, तीन बाजूंनी फिरवतो आणि लाल तुकडा टोकावर धरून पुढं करतो. "बघा मावशी, साखर आहे साखर!" मी तो तुकडा घेत नाही. टरबूज घेते, न कापता. सुजाता, माझी मुलगी, दरवर्षी म्हणते, "आई, आतून पांढरं निघालं तर?" मी म्हणते, निघू दे.

सुरी सालीत शिरते तेव्हा टरबूज थोडं तडकतं. तो बारीक आवाज मला रस्त्याच्या गोंगाटातही ऐकू येतो. त्याच्या मागोमाग पाण्याचा आवाज येतो. जवळ टँकर उभा असतो, कुणी दुकानापुढं सडा मारत असतं, कधी काहीच नसतं. मी उन्हात उभी राहून ऐकत राहते, आणि त्या पाण्याच्या आवाजातून एक माणूस हाक मारतो. ती हाक मला नसते. पण ती कशी होती हे सांगणारं माणूस आता मी एकटीच उरले आहे.

तो उन्हाळा सत्तरच्या दशकातला. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती आणि माझ्या लग्नाला वर्ष व्हायचं होतं. गाव गंगेच्या काठचं. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. घरात सासूबाई, थोरले दीर, त्यांची बायको, माझा नवरा आणि मी. थोरल्या दिरांना सगळं गाव दादा म्हणायचं. जावेचं नाव शेवंता. मी तिला आक्का म्हणे. सासूबाईंना आम्ही दोघी आत्याबाई म्हणायचो. आम्हाला शेत नव्हतं. पावसाळा सरून गंगेचं पाणी पलीकडच्या काठाला गेलं की मधे जे वाळवंट उघडं पडायचं, तेच आमचं शेत, तीच आमची वाडी. वाळूत चर खोदायचे, तळाशी शेणखत टाकायचं, टरबूज, खरबूज, वाळकं लावायची, आणि वाळूत खणलेल्या झिऱ्याचं पाणी घागरीनं घालायचं. होळीनंतर घर गावात नावाला राही. आमचा सगळा संसार वाळवंटातल्या खोपीत.

अजूनही डोळे मिटले की ती वाळू पायाखाली येते. सकाळी ओली, गार, पाखरांच्या पावलांनी भरलेली. दुपारी अशी तापायची की आम्ही वेलांच्या सावलीत पाय खुपसून बसायचो. वेलांना वास असतो हे मला तिथं कळलं. हिरवट, कडसर, केसाळ पानांचा वास. पिकलेल्या खरबुजाचा वास मात्र वाऱ्यावर गावापर्यंत जायचा, आणि काठावरची पोरं झाडाखाली येऊन उगीच घुटमळायची. आक्का त्यांना हाक मारून बोलवायची. फुटलेलं, कोल्ह्यानं चावलेलं एखादं त्यांच्यासाठी बाजूला ठेवलेलं असायचं.

आक्काच्या कमरेला सुरी असायची. सुरी म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढं लांब पातं येतं. ही आखूड होती. पातं चार बोटं, मूठ चार बोटं, झाली सुरी. आदल्या हिवाळ्यात वेशीबाहेर घिसाड्यांची पालं पडली होती, तेव्हा दादांनी ती करून घेतली. ट्रकच्या कमानीचा मोडका पाटा त्यांनी कुठल्याशा गॅरेजातून आणला होता. घिसाडी सांडशीत धरायचा आणि त्याची बायको घण मारायची. तो म्हणाला, मिटायचा चाकू करून देतो, खिशात राहील. दादा म्हणाले, "मिटायचा नगं. सांध्यात वाळू बसती, अन् लागंल तवा उघडत न्हाई." मग पात्याचंच लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत घेतलं, दोन्ही बाजूंनी बाभळीच्या नराच्या, आतल्या टणक लाकडाच्या, फळ्या बसवल्या, पितळी खिळे ठोकले. जुन्या मोटेच्या कातड्याचं म्यान दादांनी स्वतः शिवलं, दाभणानं, ओट्यावर बसून. सासूबाई हसून म्हणाल्या, "बायकोला दागिना केलास व्हय रे?" दादांनी मान वर केली नाही. कान तेवढे लाल झाले.

त्या सुरीनं आक्का दिवसभर काहीबाही करायची. टरबुजाचा देठ कापायची, शिंदीचा दोर सोलायची, पायातला काटा काढायची, कांदा चिरायची, भाकरीवरचा जळका पोपडा खरवडायची. गिऱ्हाईक काठावर आलं की टरबूज आडवं धरून त्यावर टिचकी मारायची, कान लावायची, आणि मगच सुरी घालायची. कच्चं निघालेलं मी कधी पाहिलं नाही. मला म्हणायची, "आत भरलेलं असलं की आवाज जड येतो. रिकामं लय वाजतं."

मला दिवस गेलेत हे तिनंच ओळखलं. खरबुजाच्या ढिगाजवळ मी नाकाला पदर लावला, तिनं पाहिलं, हातातली घागर खाली ठेवली.

"किती दिस झाले?"

मी लाजून वाळूत बोटानं रेघा ओढायला लागले.

"कुनाला सांगू नगंस इतक्यात. आत्याबाईला मी सांगते बाजार झाल्यावर. अन् आजपासून घागर उचलायची न्हाई."

तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. कूस उजवली नव्हती. तिच्या चेहऱ्यावर मी काही शोधलं, पण तिथं आनंदच होता. त्या दिवसापासून माझ्या वाटणीच्या घागरीही तीच वाहायला लागली.

वैशाखातली दुपार. माझा नवरा गाडी भरून ताडकळसच्या बाजाराला गेला होता. वाडीत दादा, आक्का आणि मी. आमच्या डोक्यावर ऊन होतं. गंगेच्या वरच्या अंगाला, मावळतीकडं मात्र आभाळ काळंनिळं झालेलं, आणि त्यात विजा विनाआवाज हलत होत्या. दादा दोनदा तिकडं बघून आले. "लांब हाय," म्हणाले. वारा पडला. वेलांवरच्या माश्या, पाखरं, काठावरचे होले, सगळं एकाएकी गप्प झालं. त्या गप्पपणात एक आवाज आला. मला वाटलं, काठावरून बैलगाड्यांची रांग चालली आहे.

ते पाणी होतं. पूर असा भिंतीसारखा येत असेल असं मला वाटायचं. तो तसा आला नाही. आमच्या मागं, गावाच्या बाजूला, गंगेची नाळ होती, तिचा जुना कोरडा पडलेला ओघ. रोज आम्ही तिच्यातून चालत येत होतो. ती आधी भरली. चहाच्या रंगाचं पाणी, वर कडबा, गोवऱ्या, फेस. आम्ही ढीग उंचावर ओढत होतो तोवर वाडीचं बेट झालं होतं. दादांनी एकदाच चौफेर पाहिलं आणि म्हणाले, "माल सोडा."

मोटेचा लांब दोर खोपीत होता. दादांनी पुढचं लांब टोक मोकळं सोडून त्यात माझी कंबर बांधली. म्हणजे त्यांनी नाही. मी त्यांच्यापुढं डोक्यावरचा पदर खाली होऊ देत नसे आणि ते माझ्याशी थेट बोलत नसत. त्यांनी आक्काला सांगितलं, आक्कानं बांधली. माझ्या मागं त्याच दोरात आक्का, सगळ्यांत मागं दादा. काठावर शेळ्या राखणारा एक म्हातारा होता. दादांनी दोराचं पुढचं टोक दगड बांधून त्याच्याकडं फेकलं. त्यानं ते बाभळीच्या बुंध्याला गुंडाळलं आणि ओरडला, "या!"

पाणी माझ्या मांड्यांना लागलं, मग कमरेला. पायाखालची वाळू सरकत होती. आक्काचा हात माझ्या पाठीवर होता. ती सारखी म्हणत होती, "झाडाकडं बघ. पान्याकडं बघू नगंस." मी झाडाकडं बघत होते. निम्म्याहून जास्त नाळ आम्ही ओलांडली असेल, तेव्हा मागून दोराला हिसका बसला. वरून मुळासकट उपटलेलं एक झाड आलं होतं. त्याच्या फांद्यांत दोर अडकला आणि फांद्यांत दादा. झाड खाली निघालं. दोर ताणला, माझ्या कमरेत रुतला आणि मी पाण्याखाली गेले. वर आले, पुन्हा गेले. तोंडात गाळ. काठावर म्हातारा ओरडत होता, बाभळ मुळातून हलत होती. एकदा वर आले तेव्हा मी मागं पाहिलं. आक्का गळ्यापर्यंत पाण्यात होती, आणि तिच्या मागं पानांच्या गर्दीत दादांचं डोकं आणि एक हात.

"शेवंते, काप!"

नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायचा तो काळ नव्हता. दादा तिला "ए, ऐकलंस का" म्हणायचे. तिचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मग पुन्हा पाणी डोक्यावरून गेलं, आणि एकदम कमरेतला फास सैल झाला. आम्ही दोघी दोरासकट काठाला जाऊन आपटलो. म्हाताऱ्यानं मला केसांना धरून ओढलं. आक्का आपली आपण वर आली. तिच्या मुठीत उघडी सुरी होती. ती वळली. पाण्यावर झाड दिसत होतं, हिरवंगार, उभ्या माणसासारखं थोडं डुलत, वळणाआड जात होतं. ती काठाकाठानं त्याच्यामागं धावली. गावकऱ्यांनी तिला फार पुढं जाऊन धरलं.

पाणी दुसऱ्या दिवशीच उतरलं. पुरुषमाणसं दोन्ही काठांनी कितीतरी गावं खाली गेली. दादा मिळाले नाहीत. मुंडासं नाही, पायातलं नाही, काही नाही. आमच्या बौद्ध समाजातले जाणते लोक म्हणाले, गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन करून घ्या. सासूबाई म्हणाल्या, "पोराला बघितल्याबिगर म्या वंदना म्हनू देनार न्हाई." तेव्हा घर सुतकात होतं की वाट बघत होतं, हेच कुणाला कळत नव्हतं. आक्काच्या गळ्यातली पोत कुणी काढली नाही आणि तिच्याकडं कुणी सरळ बघितलंही नाही.

शेळ्यावाल्या म्हाताऱ्यानं जे पाहिलं ते सांगितलं. त्यात त्याचं काही चुकलं नाही. त्यानं सुरी पाहिली होती, तुटलेला दोर पाहिला होता. काठावर त्याला पाण्यापलीकडचं काही ऐकू आलं नव्हतं. पण त्याच्या तोंडून निघालेली गोष्ट पाणवठ्यावर आली तेव्हा ती वेगळीच झाली होती. जिनं नवऱ्याचा दोर कापला ती, अशी आक्काची ओळख झाली. बायका आमच्या दारावरून जाताना बोलणं थांबवायच्या.

वालूरहून तिचा भाऊ आला तो तिला न्यायलाच. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "घेऊन जा. दोर कापनारी बाई मला दारात नगं."

आक्का आत गाठोडं बांधत होती. मी सासूबाईंसमोर कधी मान वर केली नव्हती. त्या दिवशी मधल्या दारातून पुढं आले.

"आत्याबाई, दादा म्हनले होते काप. म्या ऐकलं."

सासूबाईंनी मला जवळ बोलावलं. तोवर माझ्या पोटाचं त्यांना कळलं होतं. त्यांनी माझा हात धरून माझ्याच पोटावर ठेवला.

"याची आन घे."

मी घेतली. ते खरं होतं. नवरा मागं उभा होता, त्यानं एवढंच विचारलं, "नीट ऐकलंस का तू?" मी म्हणाले, नीट ऐकलं. नाव घेऊन हाक मारली ते मात्र मी चारचौघांत सांगितलं नाही. ते त्या दोघांचं होतं. दारात गाठोडं घेऊन आक्का उभी होती. ती सासूबाईंकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. त्या नजरेत मला वाटलं तसं काही नव्हतं, ना सुटका, ना आभार. मला ती नजर कळली नाही.

सासूबाई तिच्या भावाला म्हणाल्या, "पाव्हनं, जेवून जा." एवढंच. आक्का राहिली.

त्या पावसाळ्यात आमच्या घरात माणसांपेक्षा न बोललेल्या गोष्टीच जास्त होत्या. गंगा दोन्ही काठ भरून वाहायची आणि तिचा आवाज घरात यायचा. आक्का भाकरी थापता थापता थांबायची, हात तसेच परातीत, मान दाराकडं. मग पुन्हा थापायला लागायची. सुरी देवळीत पडून होती, म्यानासकट. कुणी हात लावत नव्हतं आणि कुणी फेकतही नव्हतं. ओल्या हवेनं तिच्यावर तांबूस बुरशीसारखा गंज चढला. मी झाडताना तिकडं पाठ करायचे.

हुरड्याच्या दिवसांत सुजाता झाली. आक्कानं माझं बाळंतपण आईसारखं केलं. पाणी तापवलं, शेक दिला, दुपटी धुतली, मला डिंकाचे लाडू करून घातले. पण पोरीला तिनं मांडीवर घेतलं नाही. कुणी तिच्याकडं बाळ दिलं की हात ओले आहेत म्हणायची. सासूबाईंनी एकदा रागावून विचारलं, "कामून गं, काय इस्तू हाय का ते, हात भाजायला?" आक्का उठून बाहेर गेली.

त्याआधीच, पाणी ओसरल्या ओसरल्या, एका सकाळी तिनं देवळीतली सुरी काढली आणि दगडावर ओल्या वाळूनं घासायला बसली. सर्र, सर्र, असा आवाज सगळ्या घरात. माझा नवरा आंघोळीहून आला, उभा राहिला.

"वैनी, काय करायल्यात?"

"वाडी लावायची हाय. चर खोदायला कवा येता?"

तो फावडं घेऊन निघाला.

त्या वर्षी आम्ही पुन्हा त्याच वाळवंटात होतो. नाळ कोरडी होती. तिच्यातून जाताना आम्ही सगळे नकळत पावलं भराभर टाकायचो. आक्काच सावकाश चालायची. खोपीच्या सावलीत गोधडीवर सुजाता पोटावर सरकायला लागली होती. एक दिवस आक्का टरबुजांचे देठ कापून सुरी बाजूला ठेवून घाम पुसत होती. मी झिऱ्यावर होते. तिथून मला दिसलं की सुजाता सरकत सरकत सुरीपाशी गेली आहे आणि चकाकणाऱ्या पात्याकडं हात नेते आहे. मी ओरडले, पण आक्का आधीच झेपावली होती. तिनं पोरीला उचललं, छातीशी घट्ट धरलं, आणि तशीच वाळूत बसली. आणि मग ती रडली. वर्षभरात पहिल्यांदा. सुजाता तिच्या पोतीशी खेळत होती आणि आक्का तोंड उघडून, आवाज न आवरता, पलीकडच्या काठाला ऐकू जाईल अशी रडत होती. मी घागर घेऊन उभी राहिले. जवळ गेले नाही.

त्यानंतर सुजाता तिचीच झाली. माझ्याकडं दूध प्यायला यायची तेवढीच.

वर्षं गेली. ती सुरी पुढं केव्हातरी वाडीतच हरवली. आम्ही संध्याकाळपर्यंत वाळू चाळली, मिळाली नाही. आक्का म्हणाली, "राहू द्या आता." सासूबाई गेल्या. माझ्या नवऱ्याला परभणीत शिपायाची नोकरी लागली, मी अंगणवाडीत लागले, आक्का आमच्याबरोबर आली. वाळवंट तर आता उरलंच नाही. वाळू ट्रकांनी नेली, जिथं वेल होते तिथं खड्डे आहेत आणि त्यात हिरवं पाणी. कधी गंगेच्या पुलावरून एस.टी. गेली की मी डोळे मिटून घ्यायचे. आक्का उघडे ठेवायची, खिडकीला कपाळ लावून.

तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात, एका दुपारी, आम्ही दोघी घरात होतो. माझा नवरा जाऊन वर्ष झालं होतं. वीज गेली होती, पंखा बंद. ती सुपात गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली,

"तुला एक सांगू? मला काहीच ऐकू आलं नव्हतं."

मला आधी कळलंच नाही ती कशाबद्दल बोलते आहे.

"त्या दिशी. तू आत्याबाईला सांगितलंस ना, काप म्हनले म्हनून. तवा दारात उभी राहून मी पहिल्यांदा ऐकलं ते. पान्यात मला निस्ता पान्याचा आवाज होता."

"मंग तुमी कापलं कसं?"

"तू खाली गेली होतीस. वर येईनास. तू एकटी न्हवतीस." ती गव्हातला खडा काढून बाजूला ठेवायला लागली. "मपल्या मनानं कापलं मी. मागं वळून त्यांच्याकडं बघितलंबी न्हाई. बघितलं असतं तर हात चालला नसता."

इतकी वर्षं मी समजत होते की मी तिचं ओझं हलकं केलं. मी जे सांगितलं त्यानं ती घरात राहिली, हे खरं. पण ती त्याखाली कशी राहिली, ते मला आत्ता कळत होतं. सगळं गाव ज्या हाकेवर विश्वास ठेवून गप्प झालं, ती हाक तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "तू मला वाचवायला बोललीस. तसं असंल तरी आता सांग. मी काय म्हनायची न्हाई."

"आक्का, म्या सुजाताची आन घेतली होती."

तिनं सूप बाजूला सरकवलं. पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं.

"म्हंजी खरंच म्हनले?"

"खरंच म्हनले. तुमचं नाव घेऊन म्हनले."

"मपलं नाव?"

"व्हय."

तिनं मांडीवरचे गव्हाचे दाणे झटकले. मग तिनं विचारलं, अगदी हळू, लग्नातल्या पोरीसारखं, "कसं म्हनले? रागानं का?"

"न्हाई. राग न्हवता. काम सांगत्यात तसं."

"म्हनून दाखव."

ती थांबली होती. मी उठले, मधल्या खोलीच्या दारापर्यंत मागं गेले, म्हणजे आमच्यात थोडं अंतर पडेल. त्या आवाजाची उंची मला पाठ होती. इतक्या वर्षांत तो एक दिवसही कानातून गेला नव्हता. भर दुपारी, परभणीच्या त्या दोन खोल्यांच्या घरात, मी छाती भरून ओरडले, "शेवंते, काप!"

शेजारच्या घराची खिडकी उघडली. कुणीतरी विचारलं, काय झालं हो मावशी?

आक्कानं डोळे मिटले होते. तिचा उजवा हात मांडीवर हलकेच हलला. आणि आपल्याला हाक मारणाऱ्या माणसाला दुरून उत्तर द्यावं तशी ती मोठ्यानं म्हणाली,

"कापलं, अवो. कापलं."